सोळाशे चौतीसचा न्हावी

काशीरामचं सलून आगाशीच्या अलीकडे, केळीच्या वाड्यांमधून चर्चकडे वळणाऱ्या रस्त्यावर आहे. पाटीवर सलून लिहिलंय म्हणून सलून म्हणायचं. आत दोन खुर्च्या. एक फिरते, दुसरी पूर्वी फिरायची. समोर आरसा, बाजूला बाक आणि कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं शिलाई मशीन. मशीन बायकोचं, आशालताचं. ती तिथे बसून वाडीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची, घट्ट झालेली झंपरं उसवून सैल करून द्यायची, आणि खुर्चीत बसलेल्या पुरुषाला त्याच्याच घरची बातमी त्याच्याआधी सांगायची. नवरा जितका अबोल, तितकी ही बोलकी. निम्मी गिऱ्हाइकं दाढीच्या निमित्ताने हिच्या गप्पा ऐकायला येतात हे काशीरामला माहीत होतं, आणि त्याचं त्याला बरंच वाटायचं.

दोघं मूळची खटावकडची. वाडीत आल्याला वीस वर्षं उलटली. वाडी सगळी ख्रिस्ती बागायतदारांची, त्यात हे एकच हिंदू घर. पण कधी परकं वाटलं नाही. नाताळात तिकडून केक यायचा, दिवाळीत इकडून चकल्या जायच्या. वाडीतल्या प्रत्येक नवरदेवाच्या गालाला लग्नाच्या सकाळी पहिला हात काशीरामचा लागायचा. मुलगी उन्नती इथेच वाढली, इथल्याच पोरींबरोबर शाळेत गेली. आता ती लग्न होऊन नालासोपाऱ्यात राहते, कामणच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते आणि दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणते, "बाबा, बस झालं आता. दुकान बंद करा आणि इकडे या."

काशीराम म्हणतो, बघू. त्या 'बघू'मध्ये आता काही जीव राहिलेला नाही. छप्पन्नाव्या वर्षी माणूस थकतो तो कामाने नव्हे, काम नसताना दुकान उघडून बसण्याने थकतो. आणि वाडीत काशीरामला काम नसण्याचं कारण असं, की जर्मनीतल्या एका डोंगराळ गावात सोळाशे चौतीस साली एक नाटक झालं होतं.

हसू नका. खरं आहे.

वाडीत एरॉल नावाचे एक गृहस्थ आहेत. एसटीच्या आगारात आयुष्य काढून निवृत्त झालेले, उंच, आवाज घंटेसारखा, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती सगळ्या वाडीच्या डोक्यात घातल्याशिवाय चैन न पडणारे. चर्चमध्ये पूर्वी एक फादर होते, जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी एरॉलना त्या गावाची गोष्ट सांगितली. तिकडे तेव्हा तीस वर्षांची लढाई चालली होती, सैन्याच्या मागोमाग प्लेग आला. गावाने वेशीवर पहारे बसवले, तरी बाहेर मजुरीला गेलेला एक माणूस घरच्या ओढीने चोरून आत शिरला आणि रोग घेऊन आला. घराघरांतून प्रेतं निघाली. मग उरलेल्यांनी चर्चमध्ये जमून नवस केला: हे थांबू दे, आम्ही दर दहा वर्षांनी प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक करू. सांगतात की त्या दिवसापासून गावात प्लेगने एकही माणूस मेला नाही. दुसऱ्या वर्षी, म्हणजे सोळाशे चौतीस साली, त्यांनी नवस फेडला. रंगमंच कुठे बांधला, तर कबरस्तानात, प्लेगने गेलेल्यांच्या कबरींवरच. ते नाटक आजही चालू आहे.

"आपल्या वसईच्या किल्ल्यात फिरंगी होते, त्या वेळची गोष्ट," एरॉल सांगायचे. "आनि अजून त्यांनी शब्द मोडला नाही. कशी मानसं असतील!"

ही गोष्ट त्यांनी कितीतरी वर्षं दाढी करताना सांगितली असेल. आशालता मशीनवरून म्हणायची, "अहो एरॉलभाऊ, त्या गावात न्हावी होता का?" कारण गोष्टीत पुढे असं होतं की नट खोट्या दाढ्या लावत नाहीत, नाटकाच्या आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, गावातले पुरुष केसांना आणि दाढीला कात्री लावत नाहीत. "मग त्या न्हाव्याने वर्षभर खाल्लं काय?" यावर सगळं दुकान हसायचं. एरॉलही हसायचे. सोळाशे चौतीसचा न्हावी हा वाडीतला ठेवणीतला विनोदच होऊन बसला. कुणी कामधंद्याशिवाय बसलेला दिसला की म्हणायचे, बघा, जर्मनीचा न्हावी.

मग दुसरी लाट आली. ते दिवस आठवायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. वाडीत एकामागून एक माणसं गेली. चर्च बंद, कबरस्तानात घरची चार माणसंसुद्धा जाऊ देत नसत. अशाच एका रविवारी फादरांच्या परवानगीने एरॉलनी चर्चच्या लाउडस्पीकरवरून जर्मन गावासारखाच नवस बोलून दाखवला. ज्यांना मान्य आहे त्यांनी आपापल्या दारात उभं राहून हात वर करायचा, असं ठरलं होतं. फक्त दहा वर्षांचा वायदा म्हाताऱ्यांना पटला नाही. दहा वर्षांनी कोण उरतंय, म्हणाले. म्हणून एक वर्षाआड नाटक.

काशीराम बंद दुकानाच्या पायरीवर उभा होता. आशालता पालिकेच्या कोविड केंद्रात होती, आदल्याच दिवशी नेलेली. त्याने हात वर केला. इतर लोकांनी एक हात केला, याने दोन्ही केले. समोरच्या पडवीतून एरॉलच्या बायकोने, रोझलीनने, ते पाहिलं आणि तिने लांबूनच त्याच्यासाठी क्रूसाची खूण केली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, आशालता गेली. केंद्रातूनच परस्पर नेली. काशीरामला स्मशानाच्या फाटकाबाहेर उभं केलं होतं. त्याने धूर पाहिला, तो तिचाच होता की दुसऱ्या कुणाचा, हेही त्याला सांगता येणार नाही.

त्यानंतर त्या साथीने वाडीत खरोखरच कुणी गेलं नाही.

पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, पहिलं नाटक झालं, तेही कबरस्तानाच्या भिंतीला लागून मंच बांधून. सगळे झगे रोझलीनने शिवले आणि शिवले ते आशालताच्या मशीनवर. काशीरामने स्वतः मशीन हातगाडीवर घालून पोचवलं आणि नंतर परत आणलं होतं. नाटकाआधी एरॉल मंचावर येतात, गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात आणि प्रत्येक नावानंतर विचारतात, "घरचं कोन?" गर्दीतून त्या घरचं माणूस उठतं, "मी आहे" म्हणतं आणि भिंतीवर मेणबत्ती लावतं. मग एरॉल घंटेसारख्या आवाजात म्हणतात, "आनि नवसाच्या दिवसापासून या वाडीतला एकही मानूस दगावला नाही." इथे बँड वाजतो आणि पडदा सरकतो.

पहिल्या वर्षी काशीरामला वाटलं, आशालताचं नाव घाईत राहून गेलं असेल. दुसऱ्या नाटकाला ते वाक्य पुन्हा आलं, अक्षरन् अक्षर तसंच, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा त्याला कळलं की गोष्ट अशीच हवी आहे. जर्मनीत एकही मेला नाही, तर इथेही एकही मेलेला नसला पाहिजे. एवढ्या सुंदर गोष्टीत एक न्हाव्याची बायको कुठे बसवणार?

तो काही बोलला नाही. बोलणारी ती होती.

दाढ्यांचं तर विचारूच नका. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नव्या पोरांना मुळातच आगाशीच्या एसी पार्लरची ओढ, त्यात एक वर्षाआड अख्खं वर्ष वाडीतले पुरुष जटा वाढवून हिंडायचे. नाटकात काम करणारे वाढवायचे ते ठीक, पण न करणारेही भक्तीने किंवा आळसाने वाढवायचे. गुळगुळीत राहायचे ते फक्त रोमन शिपायांची कामं करणारे. "रोमन बाहेरून आलेले," एरॉल तालमीत समजावायचे, "दाढी आपल्या मानसांना. बाहेरच्याला नाही." तेवढ्या शिपायांच्या हनुवट्यांवर काशीरामचं दुकान चाले. लोक जाता-येता हात करत आणि म्हणत, "काय, जर्मनीचा न्हावी!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तोही हात करायचा.

तिसऱ्या नाटकाची तयारी सुरू झाली आणि एरॉलपुढे अडचण उभी राहिली. नाटकात दगा देणाऱ्या शिष्याचं काम असतं. वाडीत भूमिका वाटताना त्या शिष्याचं नाव कुणी घेत नाही. त्याच्या कपड्यावरून 'पिवळा झगा' म्हणतात. आधीची दोन्ही नाटकं पिवळा झगा रॉकीने घातला होता, आणि त्यानंतर रॉकीचं ठरलेलं लग्न मोडलं, मग व्हिसा नाकारला गेला. झालं. आता वाडीतली एकही आई आपल्या पोराला तो झगा घालू देईना. अडला हरी म्हणतात तसे एरॉल गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस तसाच असताना, सलूनमध्ये आले आणि मोडक्या खुर्चीत बसले.

"काशीराम, त्या जर्मन गावाचा आनखी एक नियम आहे. नाटकात काम कोनी करायचं? जो गावात जन्मला तो. नाहीतर ज्याने गावात वीस वर्षं काढली तो. तुला वीस झाली ना?"

"झाली की."

"मग तू वाडीचाच. पिवळा झगा तू कर."

काशीराम धुतलेला ब्रश पुन्हा धुऊ लागला. कामापुरता मामा हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो दगा देणारा शिष्य कोण, हेही वीस वर्षं वाडीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. पण 'तू वाडीचाच' हे शब्द त्याने पहिल्यांदाच तोंडावर ऐकले होते. आणि तो शहाणा माणूस, ज्याने आयुष्यात हजारो लोकांच्या थापा गालाला साबण लावता लावता ऐकून सोडून दिल्या होत्या, तो या एका वाक्याने विरघळला. त्याच्या मनाने पुढचं गणित परस्पर मांडलं: मी वाडीचा, तर तीही वाडीची. यंदा तिचं नाव येईल. मागायला लागणार नाही.

म्हणून वाडीच्या न्हाव्याने दाढी वाढवली. काय सोहळा तो! डॉक्टरच खोकत दवाखान्यात बसावा तसा हा आपल्याच आरशापुढे दाढी खाजवत बसायचा. उन्नती व्हिडिओ कॉलवर आधी हसली, मग चिडली. "बाबा, ते तुम्हाला ते काम का देतायत, कळतंय ना? त्यांच्या पोरांना लागू नये म्हणून."

"कळतं गं."

"मग?"

"वाडीतल्या माणसाचं काम आहे," एवढंच तो म्हणाला. ते तिला कळलं नाही, आणि त्याला समजावून सांगायचा कंटाळा आला.

यंदाच्या उपवासकाळात रोज संध्याकाळी तालमी होत्या. शेल्डन प्रभूचं काम करायचा. पोरगा गुणी, एका बँकेत चिकटलेला, संवाद पाठ करण्यात हुशार. काशीरामला वाक्यं चारच होती, पण दग्याच्या नाण्यांची पिशवी हातात घेऊन उभं फार राहावं लागायचं. कुणी त्याला वाईट वागवलं नाही. रोझलीन त्याच्यासाठी वेगळा चहा बिनसाखरेचा आणायची. फक्त प्रत्येक तालमीच्या आधी एरॉल घसा साफ करून सुरुवातीचं निवेदन म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य त्याच जागी यायचं. काशीराम पडद्यामागे वाट पाहायचा. आज बदलतील. आज आठवेल. माणूस एकदा ऐकून घेतो, दोनदा घेतो. पण रोज संध्याकाळी आपली बायको मेलीच नाही असं ऐकत उभं राहायचं, याने हाडं दुखायला लागतात. तालमीहून घरी परतताना त्याचे पाय ओढत यायचे, जणू दिवसभर उभं राहून शंभर हजामती केल्या होत्या.

शेवटची तालीम शनिवारी झाली. वाक्य आलं. बँड वाजला.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून एरॉल हातात नारळीच्या पात्याचा क्रूस घेऊन सलूनवरून चालले होते. काशीरामने त्यांना आत बोलावलं. तालमीहून येताना वाटेत कितीदा जुळवलेलं बोलणं ऐन वेळी आठवेना, म्हणून त्याने सरळच सांगितलं.

"एरॉलभाऊ, तुमच्या त्या वाक्यात आशालता बसत नाही."

एरॉलना आधी उमगलंच नाही. मग उमगलं. ते बाकावर बसले.

"ती... नवसाच्या आधी गेली ना?"

"नंतर. शुक्रवारी. तुम्ही फोन केला होता मला."

"हो. केला होता." एरॉलनी पात्याचा क्रूस या हातातून त्या हातात घेतला. "अरे पन काशीराम, ते वाक्य वाडीतल्या मानसांबद्दल आहे. म्हंजे आपल्या..."

पुढचं बोलायची गरज उरली नव्हती. एरॉल वाईट माणूस नव्हे. लॉकडाउनमध्ये काशीरामच्या दाराशी भाजी ठेवून जाणारे तेच होते. पण एखाद्याच्या तोंडून खरं निघून जातं तेव्हा ते परत आत घेता येत नाही, आणि ते निघालं हे त्यांनाही कळलं होतं.

"बरं," काशीराम म्हणाला. रागावला असता तर सोपं झालं असतं. राग यायलाही अंगात जोर लागतो.

तो फिरत्या खुर्चीत बसला. स्वतःच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री घेतली, मग साबण, मग वस्तरा. एरॉल घाबरून उठले, "अरे, काय करतोस? संध्याकाळी प्रयोग आहे!"

"येतो की संध्याकाळी. शब्द दिलाय." एका गालावरून वस्तरा फिरला. "पण दाढी आपल्या माणसांना, तुम्हीच सांगता. बाहेरच्याला नाही."

वर्षभराची दाढी फरशीवर पडत राहिली. अर्ध्याअधिक पांढऱ्या केसांचा तो ढीग पाहवेना, तरी एरॉलना जाताही येईना. दुसरा गाल झाला. हनुवटी झाली. तोंड पुसून काशीराम आरशातूनच म्हणाला, "एक विचारायचं राहिलं. ती नेहमी चेष्टेत विचारायची, मी खरंच विचारतो. त्या जर्मन गावात नवसानंतर एकही माणूस मेला नाही म्हणता. हे मोजलं कुणी?"

"गावानेच मोजलं असनार."

"आणि न्हाव्याच्या घरी जाऊन विचारलं होतं का कुणी?"

एरॉल निघून गेले. पात्याचा क्रूस बाकावरच राहिला.

संध्याकाळी कबरस्तानाच्या भिंतीपाशी माणसांचा समुद्र लोटला होता. विरारहून, अर्नाळ्याहूनही लोक आले होते. पिवळ्या झग्यात गुळगुळीत तोंडाचा काशीराम दिसल्यावर विंगेत कुजबुज झाली. शेल्डन म्हणाला, "काका, हे काय? तुम्ही रोमन वाटताय." काशीराम म्हणाला, "असू दे," आणि खोक्यावर बसून राहिला. त्याला फक्त हे संपवून घरी जायचं होतं. उन्नतीला फोन करून सांगायचं होतं की येतो मी, खोली झाडून ठेव.

बाहेर नावं सुरू झाली. नाव, "घरचं कोन?", "मी आहे", मेणबत्ती. नाव, "घरचं कोन?", "मी आहे", मेणबत्ती. नावं संपली. एरॉलनी घसा साफ केला.

"आनि नवसाच्या दिवसापासून..."

पुढे काही येईना. बँडवाल्याने काठी उचलून धरली होती. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. रोझलीन विंगेत पुस्तक धरून बसली होती, तिने हळूच आठवण दिली, "या वाडीतला एकही मानूस." मग तिने मोठ्याने दिली. पहिल्या रांगांनी ऐकली, कुणीतरी हसलं. एरॉल वळून बायकोला म्हणाले, माइकवरच, "थांब गं. ते खोटं आहे."

रोझलीनने पुस्तक खाली केलं. तिची नजर काशीरामच्या झग्यावर गेली. झग्याची शिवण तिची होती, मशीन मात्र तिचं नव्हतं. तिच्या तोंडाला पदर गेला.

"नवसानंतर एक गेली," एरॉल म्हणाले. आवाज घंटेसारखा नव्हता, फाटका होता. "पहिल्याच शुक्रवारी. आपन तिला मोजलं नाही. दोनदा मोजलं नाही. आशालता. आपल्या वाडीतली."

एरॉल पडद्याकडे वळले. खरं तर माणूस गर्दीत शोधायचा असतो, पण त्यांना ठाऊक होतं तो कुठे आहे.

"घरचं कोन?"

काशीराम खोक्यावरून उठला. चार वर्षं त्याने हे उत्तर मनातल्या मनात कितीतरी वेळा दिलं होतं. पडद्याची कड धरून तो पुढे आला, पिवळ्या झग्यातच, हातात दग्याची पिशवी तशीच.

"मी आहे," तो म्हणाला.

त्याच्यासाठी मेणबत्ती आणलेलीच नव्हती. शेवटी रॉकीच्या आईने भिंतीवर मघाशी लावलेली आपली उचलून त्याच्या हातात दिली.